खुर्चीवरचा स्वेटर

१

रुपराव नागपूरच्या एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं होऊन गेली होती, आणि या नऊ वर्षांत त्यांना कोणीही कुठल्याही कामावर नेमलं नव्हतं. त्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, रोज दुपारी तीन ते पाच नातीजवळ बसायच्या कामावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा ते वरकरणी कुरकुरले आणि मनातून सुखावले.

नात सोनिका नववीत होती. तिला एडीएचडी आहे हे दीड वर्षापूर्वी कळलं. त्याआधी घरात त्याला आगाऊपणा म्हणत आणि शाळेत बरंच काही म्हणत. पोरगी तल्लख होती, पण पुस्तक उघडलं की तिला पाण्याची बाटली आठवायची, बाटली आणायला जाताना वाटेत फोन दिसायचा, आणि त्यानंतर एकदम सहा वाजायचे. बाटली रिकामीच. तिनं एकदा आजोबांना समजावून सांगितलं होतं, "माह्या डोक्यात रोजच संडेचा बर्डीचा बाजार भरून राहते आबाजी. सगळेच दुकानवाले बोलावतात. फोन पाहिला की तेवढा एकच दुकानवाला बोलतो, म्हणून बरं वाटते." रुपरावांना वाटलं, शाळेतल्या कोणत्याच बाईंना हे इतकं नीट सांगता आलं नसतं.

सून हर्षा बुटीबोरीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होती, मुलगा मौद्याला नोकरीला, तो रविवारी घरी यायचा. हर्षानं सगळे उपाय करून पाहिले होते. रिचार्ज बंद केला, तर शेजाऱ्यांचा वायफाय लागला. फोनला कुलूप घालणारं ॲप टाकलं. ते सोनिकानं अकरा मिनिटांत उघडलं, आणि अकरा मिनिटं ती सलग एका जागी बसली म्हणून हर्षाला क्षणभर बरंही वाटलं. शेवटी डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि समुपदेशक चिन्मयी मॅडमकडे पाठवलं. मॅडम म्हणाल्या, फोन हिसकायचा नाही. तिनं तो स्वतःहून द्यायचा, पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं परत घ्यायचा, आणि तेवढा वेळ घरातल्या कोणीतरी आपलं काम करत जवळ बसायचं. पहारा नाही, उपदेश नाही.

"म्हणजे फक्त हजर राहायचं?" रुपरावांनी विचारलं.

"फक्त हजर राहायचं, आजोबा."

चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकं स्पष्ट कामाचं स्वरूप त्यांना कोणीही लिहून दिलं नव्हतं.

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हर्षानं एका निवासी शाळेचा अर्ज आणून ठेवला होता. जानेवारीतल्या चाचणीत पोरगी सावरली नाही, तर दहावीला तिकडे. तिथं फोन फाटकावरच जमा करत. सोनिकानं अर्जासोबतचं माहितीपत्रक वाचलं आणि त्यावर काहीच बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. सोनिका दोन मिनिटं गप्प बसली तरी रुपराव तिच्या कपाळाला हात लावून पाहत. त्या दोन दिवसांत त्यांनी ठरवलं, की पोरगी या घरातून जाता कामा नये.

२

पहिले चार दिवस रुपराव खरोखर बसले.

खोली लहान होती. सोनिकाचं टेबल भिंतीला लावलेलं, तिच्या डाव्या हाताला जरा मागे यांची खुर्ची. फोन त्यांच्या स्वेटरच्या खिशात. स्वेटर तपकिरी, हिवाळ्यात तिबेटी लोक दुकानं लावतात तिथून नोकरीत असताना घेतलेला. बसण्यात पहिला अर्धा तास बरा गेला. मग कंबर बोलू लागली. मग भिंतीवरची पाल परिचयाची झाली. सोनिका दर सात मिनिटांनी फोन मागे आणि रुपराव दर सात मिनिटांनी देत, कारण उपदेश करायचा नाही एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

पाचव्या दिवशी त्यांच्यातला कर्मचारी जागा झाला.

नोकरीत असताना ते एक गोष्ट शिकले होते, आणि तीत त्यांचा हात धरणारा शाखेत कोणी नव्हता. खुर्चीच्या पाठीला स्वेटर अडकवायचा, उघड्या कागदांवर जुना चष्मा ठेवायचा आणि शाईच्या पेनचं टोपण काढून पेन बाजूला आडवा टाकायचा. एवढ्या तीन गोष्टींवर माणूस कार्यालयात हजर असतो. साहेब येतो, पाहतो, "इथंच कुठं असतील" म्हणतो आणि जातो. या तिघांच्या भरवशावर रुपरावांनी दोन लग्नं जमवली होती, एक घर बांधून घेतलं होतं आणि वाचनालयातली अर्धी कपाटं वाचून काढली होती.

सोनिका गणितात डोकं घालून होती. रुपरावांनी स्वेटर अडकवला, तिच्या टेबलाच्या कडेला आपल्या कागदांवर चष्मा ठेवला, टोपण काढलं, आणि पायांचा आवाज न करता ताराचंदच्या चहाच्या टपरीवर गेले. चौकात दोन कप झाले, पेपर झाला, राजकारण झालं. पाऊण तासानं आठवलं की फोन स्वेटरच्याच खिशात राहिला. म्हणजे संपलंच. ते लगबगीनं घरी आले.

सोनिका गणितच करत होती. फोन खिशात होता. पाच वाजता तिनं वही मिटली आणि जरा रागानं म्हणाली, "काहून नाही दिला फोन? मी दोनदा मांगला. तुम्ही नुसतं हूं म्हणाले."

३

रुपराव वाचलेले गृहस्थ होते. त्यांच्या घरात भूत मानायची पद्धत वडिलांच्या काळापासून बंद झाली होती. त्यांनी विचार केला, पोरगी तंद्रीत होती. मागितल्यासारखं वाटलं असेल, ऐकल्यासारखं वाटलं असेल. तिला बाजूला काय चाललंय ते कळत नाही, हे तर मॅडमनीच सांगितलं होतं. मॅडमनी नेमकं याच्या उलट सांगितलं होतं, की तिला बाजूचं सगळंच कळतं, म्हणून तर अडचण. पण रुपरावांना जे वाक्य हवं होतं ते त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते तासभर गेले. तिसऱ्या दिवशी कटिंग करून आले. आठवड्यानं ते तीनला स्वेटर लावून निघत आणि पाचला परतत. सोनिका सुधारत होती. फोन मागणं दोनदावरून एकदावर आलं, मग पंचवीस मिनिटं झाल्याशिवाय येईना. तीन प्रकरणं झाली. हर्षा हे सांगायला नवऱ्याला मौद्याला मुद्दाम फोन करी.

रुपरावांना दोनच गोष्टी खटकल्या, आणि दोन्ही अशा, की लिपिकाखेरीज कोणाला खटकल्या नसत्या.

एक म्हणजे पेन. शाईचा पेन दोन तास उघडा राहिला की निब वाळते, झटकावी लागते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? हा पेन टेकवल्याबरोबर लिहायचा.

दुसरी म्हणजे खुर्ची. डिसेंबरात नागपूरच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि ही खुर्ची पाच वाजता बसायला जावं तर उबदार लागे. आताच कोणी उठून गेल्यावर लागते तशी. रुपराव बसत, उठत, पुन्हा बसून पाहत. मग त्यांनी ठरवलं की लोकर ऊब धरून ठेवते. लोकर खुर्चीच्या पाठीला होती आणि ऊब बैठकीला, या बारकाव्यात ते शिरले नाहीत.

४

गुरुवारी कारखान्यात काहीतरी बंद पडलं म्हणून हर्षा लवकर घरी आली होती. रुपरावांना हे पाच वाजता कळलं, ते मागच्या दारानं हळूच आत येत असताना. ती स्वयंपाकघरात होती. रुपराव जागच्या जागी थिजले. पकडले गेलेल्या कर्मचाऱ्याकडे अशा वेळी दोनच खुलासे असतात, पोट किंवा नातेवाईक. ते पोटापर्यंत पोचले होते, तेवढ्यात हर्षाच बोलू लागली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणे.

"मामाजी, मी तुमच्याबद्दल लय उलटंसुलटं मनात आणलं होतं. मले वाटे तुम्ही बसतच नसाल."

रुपराव म्हणाले, छे.

"चार वाजता दारातून पाहिलं. किती ताठ बसून राहिले तुम्ही, पाठसुद्धा टेकली नाही. आवाज नाही दिला, म्हटलं तिचं चित्त हलेल. चहा ठेवून आली बाजूले."

रुपरावांनी हळू आवाजात विचारलं, चहा घेतला का मी.

हर्षा हसली. "कप धुतला न मी आत्ताच."

चार वाजता रुपराव बर्डीला मोज्यांचा भाव करत होते. त्यांच्यापुढे आयुष्यातला सर्वात अवघड खुलासा उभा राहिला. ते मी नव्हतो म्हणावं तर गैरहजेरी कबूल. मी होतो म्हणावं तर मग तो कोण, हा प्रश्न आपला आपल्यालाच विचारायचा. चौतीस वर्षांची सवय जिंकली. ते म्हणाले, "साखर जरा कमी होती."

त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट, म्हणाले.

५

शुक्रवारी रुपराव स्वतः बसले. स्वेटर अंगात घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली. ताठ बसायचा प्रयत्न केला. सोनिकानं वही उघडली, मिटली, पेन्सिलीला टोक केलं, दुसऱ्या पेन्सिलीला टोक केलं, खिडकीबाहेरची खार पाहिली, आणि नऊ मिनिटांत फोन मागितला. रुपराव नाही म्हणाले. पुन्हा मागितला. त्यांनी दिला. साडेचारपर्यंत ती त्यातच होती, आणि मग स्वतःवरच चिडून रडायला लागली.

"आज तुम्ही बराबर नाही बसून राहिले आबाजी."

"अन् रोज कसा बसतो मी?"

तिनं डोळे पुसत विचार केला. "रोज एक हूं सोडून तुमचा आवाज नसते. खुर्ची वाजत नाही. श्वासाचाबी आवाज येत नाही." मग मदत करावी तशा सुरात म्हणाली, "तुम्ही एक चक्कर मारून या न. रोज तसंच करता. स्वेटर टांगून जाता अन् पाच मिनिटांत येऊन बसता, त्याच्यानंतर छान बसता."

रुपरावांनी गळ्याचं बटण सोडलं.

"पाच मिनिटांत येतो मी?"

"नाही तं काय. मी कुठं वळून पाहते, पण समजते न, मागं बसलं तं."

त्यांना विचारायचं होतं, की मी कुठल्या दारानं येतो. विचारलं नाही. कार्यालयात त्यांनी एक गोष्ट पाळली होती. ज्या फायलीचं उत्तर आपल्याला पेलणार नाही, ती मागवायची नाही.

६

त्यांनी स्वेटर कपाटात कुलूप लावून ठेवला. चाचणीला अकरा दिवस होते.

पुढचे तीन दिवस वर्णन करण्यासारखे नव्हते. रुपराव मफलर बांधून बसले, आतला दम रोखून बसले, एकदा इतका रोखला की खोकल्याची उबळ आली आणि सोनिकाच पाणी घेऊन धावली. अभ्यास झाला नाही. फोन पुन्हा सहा वाजेपर्यंत हातात राहू लागला. मंगळवारी संध्याकाळी हर्षानं काही न बोलता निवासी शाळेचा अर्ज काढला आणि पेन घेऊन बसली. सोनिका दारात उभी होती. तिनं आईला विनवलं नाही, रडली नाही. आत जाऊन आपली बॅग उघडून पाहू लागली, त्यात किती कपडे मावतील ते.

बुधवारी तीन वाजता रुपरावांनी कपाट उघडलं.

स्वेटर अडकवताना त्यांनी शिवण नीट केली, खांदे बरोबर बसवले. चष्मा, कागद, पेन. सोनिकानं मागे न पाहता फोन स्वेटरच्या खिशात टाकला. मग ते निघाले, पण टपरीवर गेले नाहीत. घराच्या बाजूनं दोन हातांची बोळ होती, तिथं कूलरचा रिकामा सांगाडा पडला होता. त्यावर चढलं की खिडकीच्या जाळीतून ती खोली दिसते. वय सदुसष्ट. खाली पडलो तर काय खुलासा द्यायचा, हे ठरवूनच ते चढले.

आधी काहीच नव्हतं. सोनिकाची पाठ, तिची वेणी, वहीवर हलणारा हात. खुर्चीला स्वेटर, बाह्या खाली लोंबणाऱ्या. एक मिनिट गेलं. बोळीच्या टोकाला शेजारच्या यमुताई पापड वाळवत होत्या. त्यांनी विचारलं, "काय करून राहिले गा रुपराव?" रुपराव त्यांच्याकडे वळून म्हणाले, "जाळी पाहून राहिलो," आणि पुन्हा आत पाहिलं.

बाह्या लोंबत नव्हत्या. त्या टेबलाच्या कडेवर होत्या, दोन्ही, कोपरात वाकलेल्या. स्वेटरची पाठ खुर्चीच्या पाठीपासून चार बोटं पुढे होती आणि ताणलेली होती. त्याच्या वर, गळ्यापासून पुढे, रुपरावांनी पाहिलं नाही. जाळीवर धूळ होती आणि ती आहे याबद्दल त्यांना कृतज्ञता वाटली.

मग सोनिकानं वहीवरची नजर न काढता डावा हात मागे केला. पंचवीस मिनिटं झाली नव्हती. एक बाही उचलली गेली, आणि त्या बाहीनं पोरीचा हात अगदी अलगद, मायेनं म्हणावं इतक्या अलगद, परत वहीवर नेऊन ठेवला.

सोनिका हसली आणि लिहू लागली.

रुपराव सांगाड्यावरून उतरले. ते पळत गेले नाहीत, कारण पोरगी लिहीत होती.

७

चाचणीत सोनिकाला गणितात चाळीसपैकी बत्तीस मिळाले. हर्षानं अर्ज फाडला, त्याचे तुकडे केले आणि तुकडे कचऱ्यात टाकून वर चहाची पत्ती ओतली. पोरगी घरी राहणार होती. रुपरावांनी ताराचंदच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला, पण घरी यायला मुद्दाम उशीर केला.

कारण आता सोनिका सुटीच्या दिवशीही त्या खोलीत जाऊ लागली होती. मैत्रीण गोपिका वाढदिवसाला बोलवायला आली, तर ही जाईना. म्हणाली, आबाजी नको म्हणतात.

रुपराव समोरच पेरू खात बसले होते. "मी कुठं नको म्हटलं?"

"तुम्ही नाही," सोनिका म्हणाली, "आबाजी."

मग ती स्वतःच गोंधळली, हसली, आणि वाढदिवसाला गेली. रुपरावांच्या हातातला पेरू तसाच राहिला.

चिन्मयी मॅडमना गुण दाखवायला गेले तेव्हा त्या खूश झाल्या. आता तिला जमतंय, म्हणाल्या. आता बसणारा हळूहळू कमी करायचा, नाहीतर फोनच्या जागी त्याची सवय लागायची.

"त्याले कसं कमी करायचं?" रुपरावांनी विचारलं. मॅडमना वाटलं ते स्वतःबद्दलच बोलताहेत. त्यांनी समजुतीनं सांगितलं, निवृत्त व्हायचं, आजोबा.

रुपरावांना रस्ता सापडला. कर्मचारी आपण होऊन जात नाही, त्याला कागद लागतो. कागद असला की कितीही चिवट माणूस उठतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी शनिवारी सकाळी फुलस्केप घेतला, समास सोडला, वर जावक क्रमांक एक टाकला, आणि आदेश लिहिला. कु. सोनिका हिच्याजवळ बसण्याच्या कामातून संबंधितास आज दुपारी पाचपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे. त्यांची सेवा समाधानकारक होती. हे वाक्य लिहिताना त्यांना जरा भरून आलं. स्वतःच्या निवृत्तीच्या आदेशात ते नव्हतं. खाली दोन ओळी सवयीनं लिहिल्या गेल्या, सही ठोकली, घडी घातली आणि तीन वाजता कागद स्वेटरच्या दुसऱ्या खिशात सरकवला.

पाचला ते आले. स्वेटर खुर्चीच्या बैठकीवर होता, दुकानात असतो तसा घडी घातलेला. बैठक गार होती. पेनची निब वाळली होती. खिशात कागद नव्हता. सोनिकानं डोकं वर केलं आणि आसपास पाहिलं, आवाज थांबल्यावर पाहतात तसं.

सोमवारी तीन वाजता ती एकटी बसली. फोन तिनं स्वतःच नेऊन स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला. आठ मिनिटांनी उठली, फ्रिजपर्यंत गेली, उभी राहिली, आणि फोन न घेता बाटली भरून परतली. बाटली भरून. रुपरावांनी हे आपल्या खोलीच्या दारातून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले.

आता त्यांना चहा लागत होता. पलंगावर बसून स्वेटर चढवता चढवता त्यांना सहज आपल्या मसुद्याची भाषा आठवली. अलीकडे इतका साफ मसुदा कोण लिहितं? त्यांनी तो मनात पहिल्यापासून वाचला. शेवटच्या दोन ओळींशी आले. चौतीस वर्षांत हजारो आदेशांखाली हात आपोआप लिहीत आला होता त्या ओळी. सबब, संबंधितांनी पुढील कामासाठी विनाविलंब निम्नस्वाक्षरीकारांकडे रुजू व्हावे.

खाली सही रुपरावांचीच होती. निम्नस्वाक्षरीकार पलंगावर बसून राहिले.

खोली शांत होती. पलीकडे सोनिकाचं पान उलटल्याचा आवाज आला. रुपरावांनी चपलांसाठी पलंगाखाली पाय फिरवला. चपला तिथं नव्हत्या. त्यांनी सावकाश मान वळवली. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची, जिच्यावर एरवी धुतलेले कपडे पडलेले असत, ती आज रिकामी होती आणि पलंगाकडे तोंड करून होती. चपला तिच्यापुढे जोडीनं होत्या. त्यांचे पट्टे सैल पडले नव्हते. दोन्ही पट्टे वर उचललेले, ताणलेले होते, जसे पाय आत असताना असतात.

घड्याळात सव्वातीन झाले होते.

रुपरावांनी एक पाय दाराच्या दिशेनं सरकवला. डाव्या चपलेचा पट्टा किंचित आणखी ताणला गेला.

त्यांनी पाय परत घेतला. मग उशाचा पेपर उचलला, अग्रलेख काढला, आणि पाठ न टेकता वाचायला लागले.